पालखी चिखलात बसली तो शिमगा

आमच्या मांडवीच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवीन राहायला आलं, की चहाचा दुसरा कप संपायच्या आत मी त्यांना आमच्या जुव्याची गोष्ट सांगून टाकते. माझा नवरा तेवढ्यात गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे आणायला जातो. त्याने ती इतक्यांदा ऐकली आहे, की ढग नसले तरी त्याला कपड्यांची काळजी वाटू लागते. आता कागदावर लिहिते आहे, म्हणजे निदान कोण कुठल्या वाक्याला उठून गेलं ते मला दिसणार नाही.

जुवं म्हणजे खाडीच्या मधोमध डोकं वर काढून बसलेलं बेट. आमचं जुवं पूर्णगडच्या खाडीत, समुद्रापासून बरंच आत. एका टोकाला बांगडा तळला की दुसऱ्या टोकाचं मांजर उठून चालू लागे, एवढाच त्याचा पसारा. पण त्याचेही दोन तुकडे होते. मधून जांभ्या दगडाचा एक बांध जायचा, खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून कुणा पूर्वजांनी घातलेला. बांधाच्या अलीकडे आमची वरची वाडी, ती उत्तर काठावरच्या खारवली गावात मोडायची. पलीकडे खालची वाडी, ती दक्षिण काठावरच्या आंबेकोंडात. हे असं का, ते कुणालाच धड सांगता यायचं नाही. बाबा म्हणत, कुणा साहेबाने नकाशावर बांध बघितला आणि त्याला हद्द समजला. मामा म्हणे, खारवलीवाल्यांचं कारस्थान. मामा आंबेकोंडचा, त्यामुळे त्याच्या मते पावसाळ्यात छपरं गळत तेही खारवलीवाल्यांचंच कारस्थान होतं.

आई आंबेकोंडची. लग्न होऊन वरच्या वाडीत आली, म्हणजे नुसती होडीत बसून पाण्यापलीकडे आली, पण देवीच्या दृष्टीने परगावात गेली. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. दारात नाचते, मग घरची बाई तिची ओटी भरते. आमच्या दारात यायची ती खारवलीच्या देवीची पालखी. आंबेकोंडची देवी तिची धाकटी बहीण, असं दोन्ही गावं मानतात, पण धाकटीची पालखी होडीने यायची ती फक्त खालच्या वाडीत. बांधापर्यंत नाचत यायची आणि तिथून वळायची. आई दरवर्षी बांधाच्या अलीकडे उभी राहून तिची पाठ बघायची. पलीकडे जाऊन ओटी भरायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पण तिचा नवस होता. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा माहेरच्या देवीला ती बोलून बसली होती, की मूल झालं तर माझ्या सासरच्या दारात तुझी ओटी भरीन. देवीने आपल्याकडून काम चोख केलं. त्या कामाचा नमुना म्हणजे मी. आई मात्र नवस न फेडलेली राहिली. पुढे मी गणितात नापास झाले की आई पुस्तकाकडे न बघता दक्षिणेकडे बघायची. मला ते फार सोयीचं पडे.

मी दहावीत गेले त्या वर्षी मामाने डोक्यात घेतलं, की वरची वाडीसुद्धा आंबेकोंडात गेली पाहिजे. सगळं जुवं एक आणि ते आंबेकोंडाचं. "बोली एक, सोयरीक एक, देवी बहिणी. खारवलीशी तुमचं नातं काय? एक नळ!" असं तो आमच्या पडवीत बसून म्हणायचा. खारवलीने खाडीतून पाइप टाकून आमच्या वाडीला गोड पाणी दिलं होतं, त्याला तो नळ म्हणे. बाबा त्यावर म्हणत, "तुम्ही तो पन दिला नायत, वसंतराव." एरवी त्याला ते वसंता म्हणायचे. वसंतराव आलं की आई आत जाऊन भांडी जरा जोरात घासू लागे.

बाबांचा विरोध पाण्यावरून नव्हता हे मला फार पुढे कळलं. खारवलीच्या शिमग्यात देवळातून पालखी उठते तेव्हा डावीकडचा पहिला खांदा आमच्या घराचा. आमच्याकडे शेती ओंजळभर, आंब्याची झाडं कमी आणि माकडं जास्त. बाबांना साऱ्या वर्षात कुणी नाव घेऊन बोलवायचं तर तेव्हाच. आंबेकोंडात गेलो असतो तर तो खांदाही गेला असता.

मामा येताना रिकाम्या हाताने यायचा नाही. कधी कालवं, कधी तिसऱ्या, कधी खाडीतले काळुंदर, अजून शेपटी हलवणारे. भांडण पेटल्यावर बाबांनी जाहीर केलं, की आंबेकोंडचं म्हावरं या घरात शिजणार नाही. आईने ते सगळं मांजराला घातलं, आणि बाबांच्या पानात कुळथाची पिठी वाढली. सकाळी पिठी, संध्याकाळी पिठी. मांजर फुगत गेलं, बाबा सुकत गेले. मी चुलीमागे बसून मांजराच्या आधी काय ते निखाऱ्यावर भाजून उरकत असे, म्हणून त्या काळातल्या फोटोंत घरात मी आणि मांजर एवढीच दोन सुखी माणसं दिसतो.

तिसरा पक्ष अण्णाकाकांचा. बाबांचे हे मोठे भाऊ, बिनलग्नाचे, उभा जन्म बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढून परत आलेले. त्यांना दोन्ही काठ नको होते. जुव्याने जुव्याचंच राहावं, असं त्यांचं मत. आणि मत सांगायची सुरुवात ठरलेली: "मी सायप्रस बघितलाय."

"झालं," बाबा म्हणायचे.

"झालं काय? ऐकून घे. एवढा मोठा बेट, आपल्यासारखाच. बऱ्याच लोकांना वाटायचा, समुद्रापलीकडचा ग्रीस आपला. देव तोच, बोली तीच, गाणी तीच. त्याच्यात गेलो की झाला! उरलेले म्हणाले, तुमचा तो, आमचा कोण? त्यांचा होता तुर्कस्थान. मग मारामाऱ्या, मग पलटणी. मी गेलो तेव्हा शहराच्या मधून रस्ता कापलेला. पिंपं उभी करून ठेवलेली, वर काटेरी तार. अलीकडे एक चहावाला, पलीकडे एक चहावाला. दोघं एकमेकांच्या गिऱ्हाइकांना बघतायत."

"अण्णा, तिथे ओहोटीला चालत जाता येतं काय पलीकडे?" मामा विचारायचा.

"नाय."

"मग आपला आणि त्यांचा संबंध काय?"

वाडीत त्यांचं नावच सायप्रस पडलं. 'सायप्रस आले काय गो घरी?' असं बायका मला विहिरीवर विचारायच्या. मी लाजून मरत असे. आता इतक्या वर्षांनी फोनवर त्या शहराचे फोटो बघते तर पिंपं तशीच उभी आहेत. त्यांचं म्हणणं तेव्हा ऐकलं असतं तर, असं म्हणायचा मोह होतो. पण अण्णाकाकांनीच पुढे जे केलं, त्यानंतर त्यांचंही ऐकण्यात अर्थ होता असं नाही.

त्यांना वाटलं, लोकांना नुसतं सांगून पटत नाही, दाखवलं पाहिजे. म्हणून त्यांनी एक रिकामं डिझेलचं पिंप लोळवत नेऊन बांधाच्या मधोमध उभं केलं. "बघा, असा दिसेल. चांगला दिसतो?" लोकांनी बघितलं. लोकांना ते चांगलं दिसलं. आठवड्याभरात वरच्या वाडीची गुरं पिंपापलीकडे चरायची नाहीत असं खालच्या वाडीने ठरवलं. आमच्या वाडीने उत्तर म्हणून पिंपाला अलीकडून चुना फासला. मग कुणी त्याला हळदकुंकू लावलं, आणि एका सकाळी वर नारळ फोडलेला दिसला. अण्णाकाका पिंप काढायला गेले, तर दोन्ही वाड्यांतून माणसं धावली. दोन्ही वाड्या एकत्र येऊन एकाच माणसाला शिव्या देताहेत, असं जुव्याच्या इतिहासात तेव्हाच घडलं असावं. आज त्या जागी सिमेंटचा खांब आहे, दोन्ही बाजूंनी वेगवेगळा रंगवलेला.

वरच्या वाडीने आंबेकोंडात जायचं की नाही, तो ठराव ग्रामसभेत व्हायचा होता, शिमगा संपल्यावर, हात वर करून. मामाने शिमग्यातच डाव टाकला. धाकट्या देवीची पालखी एकदा वरच्या वाडीच्या दारादारांतून फिरली, की मागाहून हात आपोआप वर होतील, असा त्याचा हिशेब. बांधावरून आणायची तर पिंपाशी मारामारी झाली असती. म्हणून पालखी होडीने वळसा घालून थेट आमच्या धक्क्याला लावायची ठरली. आमच्या वाडीतली काही घरं मामाच्या बाजूची होतीच, ती उतरवून घेणार होती.

त्या सकाळचा वास अजून नाकात आहे. आईने दारापुढचं खळं शेणाने सारवलं होतं, त्यावर रांगोळी, आत पुरण शिजत होतं आणि दुसऱ्या चुलीवर ओल्या काजूगरांची उसळ. देवीला नैवेद्य पुरणाचा, उसळ भोयांसाठी, म्हणजे पालखीबरोबर येणाऱ्यांसाठी. तिने कोनाड्यातून सूप काढलं. त्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. खण माझ्या जन्माच्या वेळी घेतलेला. त्याच्या घड्यांच्या रेषा पांढऱ्या पडल्या होत्या. मला तिने नवं परकर-पोलकं घालायला लावलं, कारण नवसाचा माल दाखवायचा तर नीट बांधून दाखवायला हवा.

बाबा उठले, आंघोळ केली, आणि येऊन आडवे पाय पसरून उंबऱ्यावर बसले.

"आंबेकोंडची पालखी माझ्या दारात नाय नाचनार," ते म्हणाले. "नाचली तर माझ्या अंगावर."

आई सूप घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "अहो, माझा नवस आहे. तुम्हाला ठाऊक आहे."

"नवसाला माझी ना नाय. तुझ्या भावाच्या राजकारणाला हाय."

"मला राजकारणातलं काय कळतंय? मला ओटी भरायचीय."

"मग जा पलीकडे आणि भर. कुनी बांधून ठेवलाय?"

अण्णाकाका पडवीतून म्हणाले, "मी सायप्रस..." आणि दोघंही एकदम त्यांच्यावर ओरडली. त्या दिवसात आईबाबांचं एकमत झालेलं मी तेवढंच बघितलं.

ढोल ऐकू येत होते. पाण्यावरून येणारा ढोल जमिनीवरच्या ढोलासारखा नसतो, तो आधी पोटात वाजतो आणि मग कानात. आई वळली, स्वयंपाकघरातून गेली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. तिने मला नुसतं मानेने सांगितलं. मी पाण्याचा तांब्या उचलून मागे निघाले. बाबा उंबऱ्यावर तसेच राखण करत बसले होते. त्यांना वाटत होतं आम्ही आतच आहोत.

धक्क्यावर पोचलो तर होडी लागलेली, पालखी होडीतच, आणि काठावर कल्लोळ. भांडण बाबांच्या पक्षाशी असेल असं मला वाटलं. पण बाबांचा पक्ष लांब तिवरांच्या सावलीत बसून बोंबा मारत मजा बघत होता. भांडत होते ते मामाची माणसं आणि आमच्या वाडीतली मामाच्याच बाजूची माणसं.

"पालखी आमच्या धक्क्याला आली. पहिला खांदा आमचा," आमच्या वाडीतला हरीदादा म्हणत होता. हाच मामाचा इथला उजवा हात.

"खांदा मिळेल, हरी. मान मिळेल. पण शेवटचा," मामा होडीतून म्हणाला. त्याचं धोतर कडक पांढरं, फेटा भगवा. "आंबेकोंडात मानाची घरं ठरलेली आहेत. तुम्ही नवीन."

"नवीन? काल परवापर्यंत एकच रक्त म्हणत होतास ना रे मेल्या?"

"रक्त एकच. खांदा वेगळा."

आमच्याकडे पालखी वाटेल तिथे टेकवत नाहीत. तिची जागा ठरलेली असते, नाहीतर ती खांद्यावर असते. म्हणून खांदा ठरेपर्यंत तिला उतरवता येईना. आणि शिमगा असल्यामुळे शिव्यांना बंदी नव्हती. एरवी ज्या शिव्या माणूस दारू पिऊन, दार लावून देतो, त्या दोन्हीकडून ढोलाच्या ठेक्यावर येऊ लागल्या. कुणाची आजी, कुणाची बकरी, कुणाच्या मुंबईतल्या भावाचा धंदा, काही शिल्लक राहिलं नाही. मी त्या दिवशी जे शिकले त्यातलं निम्मं अजून वापरायची संधी मिळालेली नाही.

होडीचा तांडेल, म्हातारा, सुकाणूला टेकून बसलेला, मधूनमधून म्हणत होता, "पानी उतरतंय. पानी उतरतंय हो." खाडीवर जन्मलेल्या माणसांना ओहोटी सांगावी लागत नाही. सगळ्यांना दिसत होतं. पण जो आधी म्हणेल की चला, तुमचाच खांदा धरू, तो हरला. म्हणून सगळे पाण्याकडे पाठ करून भांडत राहिले. पाणी गेलं. होडीच्या बुडाखालून 'चप्प' असा आवाज आला, ती एका अंगाला कलली आणि चिखलात बसली. धक्का आणि होडी यांच्यामध्ये आता काळाभोर, चमकणारा चिखल होता, आणि त्यात खेकडे बाहेर येऊन बघत होते.

तेव्हा आईने लुगड्याचा काचा मारला, सूप डोक्यावर घेतलं आणि ती धक्क्यावरून खाली उतरली.

"ए, बायांनी मध्ये पडू नये!" कुणी तरी ओरडलं. मध्ये पडले ती मी. दुसऱ्या पावलाला परकरासकट कमरेपर्यंत. तांब्यातलं पाणी तेवढं वर धरलं होतं, कारण अंगात दुसरं काही कौतुकास्पद नव्हतं. आईने मागे वळून बघितलंही नाही. ती गुडघ्यापर्यंत रुतत, एकेक पाय उपसत होडीपाशी गेली. होडी तिच्याकडच्या बाजूला कलली होती, त्यामुळे देवीचा मुखवटा बरोबर तिच्या तोंडासमोर आला. एरवी खांद्यावरच्या देवीकडे आपण मान वर करून बघतो. त्या दिवशी दोघी समोरासमोर होत्या, शेजारणी भिंतीवरून बोलतात तशा.

मी घसपटत कशीबशी तिच्यामागे पोचले, तेव्हा तिने माझ्या हातून तांब्या घेतला, देवीच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, खणनारळ पालखीत ठेवला, तांदूळ वाहिले. मग ती देवीला म्हणाली, आणि एवढ्या शिव्यांतून मला ते स्वच्छ ऐकू आलं, "इथवर आलीस, पुष्कळ झालं. माझं दार इथेच धर. पुढचं यांना जमायचं नाही."

मग तिने मामाकडे बघितलं. तो हातभर अंतरावर उभा होता.

"वसंता, उतर खाली. हरीलाही बोलव. कुठलाही खांदा दे, पण तिला उचल. ऊन चढतंय तिच्यावर."

मामाने चिखलाकडे बघितलं, मग धोतराकडे. "आक्का, असं कसं? आधी ठरू दे."

आईने रिकामं सूप काखेत मारलं. मग माझा दंड धरून मला उपटलं, आणि आम्ही परत आलो. पालखी दुपारभर तिथेच बसली. भरती आली तेव्हा होडी आपोआप उचलली गेली, कुणाच्याही खांद्याशिवाय, आणि आंबेकोंडला परत गेली. दोन्ही काठांवरून शिव्या तिला पोचवायला गेल्या. घरी बाबा अजून उंबऱ्यावर होते. पुढच्या दाराने चिखलाने माखलेल्या दोन बाया येताना बघून त्यांनी पाय मुकाट्याने जवळ घेतले. त्या रात्री उसळ आम्हीच खाल्ली.

ग्रामसभा शाळेत झाली. आंबेकोंडात जायचं त्यांनी हात वर करा, म्हटल्यावर हरीदादा खिडकीबाहेर बघत राहिला आणि थोडेच हात वर गेले. नको त्यांनी वर करा, म्हटल्यावर बायकांच्या बाजूला पहिला हात आईचा. मामा दारात उभा होता. तो चप्पल न घालताच निघून गेला, मग कुणी तरी मागून नेऊन दिली.

घरी येताना बाबा खुशीत होते. "शेवटी सासर ते सासर," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही हो," आई म्हणाली. "तुम्ही तरी कुठे उठलात उंबऱ्यावरून?"

त्यानंतर बरीच वर्षं मामा आमच्याकडे आला नाही. भाऊबीजेला आई ताट तयार करायची, दिवा लावायची, आणि मग ते ताट चंद्राला ओवाळायची. म्हावरं बंद झालं. मांजर वाळलं आणि एक दिवस बांध ओलांडून खालच्या वाडीत कायमचं राहायला गेलं. आमच्या घरातून आंबेकोंडात सामील झालेलं तेवढंच. नवस फिटला होता, त्यामुळे गणितात नापास व्हायला मला कारण उरलं नाही. तरी मी झाले.

बाबा गेले तेव्हा मामा होडीने आला, चिखल होता तरी उतरून आला. आता तो फोन करतो. आई माझ्याकडे असते, तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मी धरते. परवाच आला होता. जुव्याचा प्रश्न पुन्हा निघालाय, नव्या पोरांनी मोबाईलवर ग्रुप काढलाय, दोन्हीकडच्या शिव्या आता त्यावर असतात. यंदा पालखी वरच्या वाडीत न्यायचीच असं चाललंय.

"आक्काला विचार," मामा म्हणाला, "तिने सांगितलं तर वरच्या वाडीतली चार घरं ऐकतील. विचार तिला, काय सांगू पोरांना?"

मी तिच्या कानाशी मोठ्याने सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप हलवलं, एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला.

"त्या दिवशी ओहोटी कधी आहे," ती म्हणाली, "ते विचार त्याला आधी."